जुनी गाडी, बारीक दुखणी आणि खरा हिशोब



आजचा विषय वाचून काही जणी म्हणतील, गाडीची दुरुस्ती हा काय आपला विषय? तो पुरुषांचा आणि मिस्त्रीचा. मीही चौदा वर्षं तेच म्हणत होते. घरातल्या तेलाच्या डब्यापासून मुलांच्या फीपर्यंत सगळा हिशोब माझ्या वहीत असतो, पण दारातल्या गाडीचं पान त्या वहीत कधीच नव्हतं. हे पान यंदाच्या जेठ महिन्यात उघडलं, आणि ते का उघडलं तेच आधी सांगते.

चातुर्मासाआधीचे दिवस होते. साध्वीजींचा विहार मंठ्याकडून जालन्याकडे चालला होता. आपल्या वाटूर फाट्यावर जालना-मंठा रस्त्याला परतूरचा रस्ता मिळतो, तिथली वर्दळ तुम्हाला माहीत आहे. ट्रक, कापसाच्या गाड्या, ट्रॅव्हल्स, सगळं भरधाव. म्हणून विहारसेवेला आम्ही पाच-सहा बायका पायी चालायचो आणि मागे हळूहळू एक गाडी, इंडिकेटर लावून. शेगाव-पंढरपूरच्या वारीत दिंडीच्या मागे गाडी असते, तशीच. त्या दिवशी गाडी आमची होती आणि चालवत होते आमचे हे.

उजाडल्यावर आम्ही निघालो. चालण्याच्या वेगाने गाडी चालली की इंजिनाला वारा लागत नाही, सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. आणि आमचा पंखा कधी फिरायचा, कधी नाही. तासाभरात हीटचा काटा वर. ह्यांचं लक्ष काट्याकडे, आणि पुढे नाल्याच्या पुलाआधीचा उतार. ह्यांनी ब्रेक दाबला तर पेडल फरशीला टेकलं. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा गाडी थांबली. माझ्या पाठीमागे चार हात अंतरावर. माझ्या पुढे साध्वीजी होत्या.

कुणाला काही झालं नाही. साध्वीजींना तर कळलंही नाही. पण ह्यांचा चेहरा मी पाहिला. घरी आल्यावर मी विचारलं, "ब्रेक असा कधीपासून आहे?" ते म्हणाले, "दोनदा दाबला की लागतो गं, सवय आहे मला."

"सवय आहे मला." सख्यांनो, जुन्या गाडीचं खरं दुखणं या तीन शब्दांत आहे. दरवाजा जरा उचलून लावायचा, सवय आहे. मागची काच हाताने ओढायची, सवय आहे. सकाळी सेल्फ दोनदा मारायचा, सवय आहे. एकेक दुखणं इतकं बारीक की त्यासाठी गॅरेजला जायला लाज वाटावी. आणि वीस बारीक दुखणी एकत्र झाली की ती मोजायचीच भीती वाटते. मग कुणी विचारलं "किती खर्च येईल?" तर आपण म्हणतो, "काय, दहा-पंधरा हजारांत होऊन जाईल," किंवा एकदम दुसऱ्या टोकाला, "त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही, विकून टाका." दोन्ही उत्तरं न मोजता दिलेली असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी पूर्ण यादी करा, मग प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहा, आणि मगच ठरवा. हे काम घरातल्या बाईला उत्तम जमतं, कारण सणाची यादी, लग्नाची यादी, वर्षाच्या साठवणीची यादी आपण जन्मभर करत आलोय.

आमची गाडी 2010 सालची, पेट्रोलवरची, हजार सीसीच्या आतली. बाबूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेने घेतलेली. फाट्यावरच्या मिस्त्रींना मी घरीच बोलावलं, चहा दिला आणि वही घेऊन बसले. ते म्हणाले, "भाभी, सगळंच लिहू म्हणता? लय लांब होईल लिस्ट." मी म्हटलं, "होऊ द्या भाऊ. करायचं काय ते नंतर बघू, आधी दिसू तर द्या." त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाकं हलवून पाहिली, बोनेट उघडलं, एक फेरी मारून आणली. मी लिहीत गेले. एकवीस ओळी झाल्या.

एकवीस ओळी पाहून ह्यांना घाम फुटला. पण यादी नुसती लांब असून उपयोग नाही, ती लावावी लागते. किराणा आणला की आपण डाळी एकीकडे, मसाले एकीकडे लावतो, तसं. मी चार ढीग केले.

पहिला ढीग जिवाचा. यात गाडी थांबवणारं, वळवणारं आणि चालवणाऱ्याला समोरचं दाखवणारं सगळं आलं. पुढचे ब्रेक पॅड 1,100, मागचे ब्रेक शू 900. मागच्या चाकांतले व्हील सिलिंडर गळत होते, पेडल खाली जायचं खरं कारण तेच, ते दोन्ही मिळून 900. नवं ब्रेक ऑइल 300. हँडब्रेकची केबल 500. गुळगुळीत झालेले दोन टायर 6,400. स्टिअरिंगचे टाय रॉड एंड 900, लोअर आर्मची जोडी 2,200. मागचा अडकणारा सीट बेल्ट 900. वायपर आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचं पॉलिश मिळून 700. मजुरी 1,500, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग 600. एकूण 16,900.

वायपर साडेतीनशेचा, तो जिवाच्या ढिगात कशाला, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावसात रात्री जालन्याहून येताना समोरचा ट्रक दिसला नाही तर तो साडेतीनशेचा आहे की तीन हजारांचा हे कोण विचारणार? ढीग लावताना किंमत बघायची नाही. ते बिघडलं तर काय होईल, हे बघायचं.

दुसरा ढीग वाटेत थांबवणाऱ्या गोष्टींचा. रेडिएटरच्या पंख्याची मोटर 1,800, पाण्याचा फुगलेला होज आणि थर्मोस्टॅट 800, कूलंट 500. बॅटरी 3,800, जुनी परत देऊन. आमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर गाडी जागच्या जागी बंद पडते. बेल्ट आणि त्यासोबत वॉटर पंप मिळून 2,000. क्लच घसरत होता, त्याचा सेट 3,300. इंजिनाच्या मागून ऑइल गळत होतं, ते सील 250. मजुरी 3,350. एकूण 15,800.

या ढिगात मला एक गोष्ट शिकायला मिळाली, ती नीट लक्षात ठेवा. सुटा भाग कितीला हा अर्धाच प्रश्न आहे. त्या भागापर्यंत पोचायला काय काय उघडावं लागतं, हा दुसरा अर्धा. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ते अडीचशेचं सील त्याच्याच मागे बसलेलं असतं. क्लच आज केला आणि सील "पुढच्या वेळी बघू" म्हणून ठेवलं, तर पुढच्या वेळी अडीचशेच्या सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवा आणि मजुरी पुन्हा द्या. वॉटर पंपाचंही तसंच, तो टायमिंग बेल्टच्या जवळच असतो. टाय रॉड आणि लोअर आर्मही एकदमच करावेत, कारण दोन्हींनंतर अलाइनमेंट करावीच लागते, ती एकदाच होते. आपण नाही का, दिवाळीला कपाट सरकवलं की मागची भिंतही पुसून घेतो आणि खालचं जाळंही काढतो? म्हणून मिस्त्रींना विचारायचं, "हे उघडल्यावर आणखी काय हाताशी येतं?" या एका प्रश्नाने आमचे निदान दोन हजार वाचले.

तिसरा ढीग कागदांचा. हा खर्च गॅरेजवाला सांगत नाही, म्हणून अंदाजात धरायचाच राहतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते. मोटारगाडीची नूतनीकरणाची फी पूर्वी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशीर केला की महिन्यागणिक दंड चढतो. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना आपल्या राज्यात नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, चारचाकीला 745 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 879. थर्ड पार्टी विम्याचा दर हजार सीसीपर्यंत 2,094 होता, कर धरून 2,471. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि जालन्याच्या दोन चकरा. मी सरळ 12,000 धरले.

आणि क्रम चुकवू नका. आरटीओत गाडीचे ब्रेक, दिवे, टायर बघतात. म्हणून पहिला ढीग आधी, कागद नंतर. आमच्या ओळखीतल्या एकांनी उलटं केलं, तर गाडी परत पाठवली आणि चक्कर वाया गेली.

चौथा ढीग सोयीचा आणि शोभेचा. एसीची गळती आणि गॅस 3,500, काच चढवायचं मशीन 900, दरवाजाचं रबर 700, सीट कव्हर 3,000, गंजलेला पत्रा आणि रंग 9,000. एकूण 17,100. यातही एक मेख आहे. पत्रा गंजतो तो फाटक्या रबरातून पाणी आत येतं म्हणून. सातशेचं रबर न बदलता नऊ हजारांचा रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. छत गळतंय आणि आपण भिंत रंगवतोय, असं ते होतं.

चार ढिगांची बेरीज 61,800. तोंडी अंदाज होता दहा-पंधरा हजारांचा!

तोंडी अंदाज देणारा खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. आपण "ब्रेकचं किती होईल?" विचारतो, तो ब्रेकचं सांगतो. मग गाडी उघडल्यावर एकेक निघतं, दर दोन तासांनी फोन येतो, "भाभी, अजून एक आहे," आणि शेवटी आपल्याला वाटतं फसवलं. अर्धवट विचारलं की उत्तरही अर्धवटच येणार. म्हणूनच पहिल्या दोन ढिगांवर मी पाव भाग, म्हणजे 8,000, "उघडल्यावर कळेल" या नावाने वेगळा ठेवला. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना आपण डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पैसे नेतो का?

मग प्रश्न आला, करायचं की नाही. ही गाडी आहे तशी विकायला काढली तर पंचावन्न हजारांचं गिऱ्हाईक होतं. सगळे एकच बोलत होते, "गाडीच्या किमतीएवढा खर्च कोण करतं?" ऐकायला पटतं, पण हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दुरुस्तीचे पैसे आपण गाडीची किंमत वाढवायला घालत नाही, पुढची काही वर्षं सुखरूप फिरायला घालतो. तेव्हा तुलना करायची ती पुढची वर्षं दुसऱ्या मार्गाने काढायला काय पडेल, त्याच्याशी.

मी वहीत तीन रकाने केले. पहिला, दुरुस्ती. शोभेचं सोडून, रबर तेवढं घेऊन आणि राखीव धरून 53,400. मिस्त्री म्हणाले, नीट केली तर तीन वर्षं मोठं काम निघू नये. म्हणजे वर्षाला 17,800, शिवाय ऑइल-पाणी, किरकोळ कामं आणि पुढच्या वर्षांचा विमा मिळून दहा हजार. साधारण 28,000. दुसरा, नवी छोटी गाडी. चार लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, सात वर्षं. हप्ता 6,435, म्हणजे वर्षाला 77,000 च्या वर, आणि विमा वेगळा, जास्तीचा. तिसरा, गाडीच ठेवायची नाही, लागेल तेव्हा भाड्याने करायची. आमच्या वर्षाला तीसेक मोठ्या चकरा होतात. आपलं पेट्रोल वजा जाता भाड्याला चकरेमागे हजार रुपये जास्त पडतात. म्हणजे 30,000.

पाहिलंत? दुरुस्ती आणि भाडं जवळजवळ सारखंच. मी प्रामाणिकपणे सांगते, वर्षात दहाच चकरा असत्या तर मी गाडी काढून टाकायला सांगितलं असतं. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही तेच बरं. दारात उभी असलेली, महिन्यातून एकदा चालू होणारी गाडी म्हणजे नुसती काळजी. आमचं पारडं गाडीकडे झुकलं ते बाईंमुळे. माझ्या सासूबाईंना रात्री-अपरात्री दम लागतो, आणि रात्री एक वाजता वाटूरला भाड्याची गाडी मिळेलच असं नाही. तुमच्या घरी पारडं दुसरीकडे झुकेल, काही हरकत नाही. आकडे समोर ठेवून झुकू द्या, एवढंच.

आता जे सांगण्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते.

आम्ही ठरवत होतो त्या दिवसांत एक नातेवाईक घरी आले. माणूस चांगला, आमच्याच भल्याचं सांगत होते. म्हणाले, "एवढं कशाला करता? आठ-नऊ हजारांचा रंग मारा, सीट कव्हर टाका, इंजिन धुऊन घ्या. ब्रेक ऑइल वर टाकून द्या, आठवडाभर पेडल बरं लागतं. ऐंशी-पंचाऐंशीला आरामात जाईल. पलीकडच्या गावातला एक मुलगा गाडी शोधतोय, शाळेची पोरं न्यायला."

ह्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. खरं सांगते, मीही नाही म्हटलं नाही. पंचावन्नचे ऐंशी होत होते. मनात आलं, सगळे असंच करतात, घेणारा बघून घेईल. कायदाही काहीसा तसाच आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यात मुळात घेणाऱ्यानेच सावध राहायचं असं धरलेलं आहे.

त्यानंतर पर्युषण आलं. रोजचं प्रतिक्रमण चालू होतं. दुसऱ्या व्रताचे मोठे खोटेपणाचे प्रकार आले, कन्नालीए, गोवालीए, भोमालीए. मुलीच्या लग्नाबाबत खोटं, जनावराबाबत खोटं, जमिनीबाबत खोटं. लहानपणापासून म्हणत आलेय. त्या संध्याकाळी गोवालीए शब्दावर माझी जीभ अडखळली. गोवालीए म्हणजे गाई-बैलाच्या बाबतीत खोटं बोलणं. बैल लंगडतो ते लपवणं, गाय लाथ मारते ते न सांगणं, आटलेल्या गाईला दुभती म्हणणं. जुन्या काळी घराघरात वाहन आणि दौलत म्हणजे जनावरच होतं, म्हणून व्रतात जनावराचं नाव आलं. आज आमच्या दारात बैल नाही, गाडी उभी आहे. मग गोवालीए कशाला लागू होतं?

आणि माझे चार ढीग डोळ्यांपुढे आले. विकणारा माणूस काय करतो? चौथ्या ढिगावर पैसे घालतो आणि पहिला ढीग लपवतो. चकचकीत रंगाखाली गळका ब्रेक. आणि त्यात बसणार कोण, शाळेची पोरं. नाल्याच्या पुलावर जे आमच्या पुढ्यात घडता घडता राहिलं, ते आम्ही पंचवीस हजार जास्त घेऊन दुसऱ्याच्या हातात देणार होतो.

आपण रोज चौदा नियम धारतो. त्यात वाहन हाही एक नियम आहे. आज किती वाहनांत बसायचं याची मर्यादा आपण करतो, पण ज्या एका वाहनात बसतो ते नीट आहे का, रस्त्यावरच्या जिवांना त्यापासून धोका नाही ना, हे बघत नाही. मला वाटतं ते बघणंही त्याच नियमात यायला हवं. कुणी जाणकार याहून वेगळं सांगत असतील तर जरूर सांगा, मी शिकायला तयार आहे.

मी ह्यांना माझ्या मनातलं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या दिवशी पुलावर मी तीनदा पेडल मारलं. चौथ्यांदा मारायला जागा नव्हती." एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेली.

प्रत्यक्ष काय झालं तेही सांगते, कारण अंदाज खरा ठरला का ते तुम्ही विचारणारच. दोन ढीग आणि रबर मिळून अंदाज 33,400 चा होता. उघडल्यावर ब्रेकचा एक ड्रम तडकलेला निघाला, एका अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटलेलं निघालं, आणि आणखी दोन-तीन गोष्टी. मिळून 5,200. म्हणजे 38,600. राखीव आठ हजारांपैकी 2,800 उरले. कागदांचे 12,000 धरून एकूण 50,600. रंग मारला नाही. गाडी दिसायला आहे तशीच आहे. एसी पुढच्या उन्हाळ्यात बघू.

गॅरेजला जाताना मी पाळलेल्या चार गोष्टी लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडतील. एक, प्रत्येक भागापुढे तो कंपनीचा आहे की लोकल, हे लिहून घेतलं. काच चढवायचं मशीन लोकल चालेल, ब्रेकचा भाग लोकल चालणार नाही. दोन, बदललेले जुने भाग बघायला मागितले. अविश्वास म्हणून नाही, तो तडकलेला ड्रम हातात घेतल्यावर ह्यांना जे कळलं ते बिलावरून कळलं नसतं. तीन, जे नवं निघेल ते फोन करून विचारल्याशिवाय करायचं नाही, हे आधीच ठरवलं. चार, मजुरीत घासाघीस केली नाही. मिस्त्रीच्या कष्टाचे दोनशे कापले की तो ते भागाच्या दर्जात भरून काढणार, आणि कष्टाचे पैसे कापणं आपल्या अचौर्यातही बसत नाही. हो, आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका असंही सांगितलं. ते डब्यात भरून ठेवतात, घेऊन जाणारे येतात.

ज्यांना विकायचीच आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. यादी फाडू नका. यादी घेणाऱ्याच्या हातात द्या आणि तिच्याप्रमाणे भाव कमी करा. आम्हाला पंचावन्न हजार मिळत होते ते दुखण्यांसकट खरा भाव होता, ऐंशी हा रंगाचा भाव होता. आणि फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली का ते स्वतः तपासा. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं, की गाडी विकली तरी नोंदीत ज्याचं नाव राहिलं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. किल्ली दिली म्हणजे सुटलो असं नाही. गाडी दुरुस्तीपलीकडची असेल तर भंगारात नुसती ढकलू नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. दोष लपवून कुणा गरजूच्या गळ्यात मारण्यापेक्षा तो मार्ग कितीतरी स्वच्छ आहे.

आमची ती एकवीस ओळींची यादी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. झालेल्या कामांपुढे तारीख आणि बिल, न झालेल्यांपुढे कोरी जागा. तीन-चार वर्षांनी गाडी जाईल तेव्हा ती यादी गाडीबरोबर जाईल, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

प्रतिक्रमणात आपण "जे काही चुकलं असेल ते" असं एका वाक्यात संपवत नाही, एकेक अतिचार नाव घेऊन आठवतो. बारीक वाटणारा सुद्धा. मोघम आठवलं की मोघमच सुटतं, हे आपल्याला मोठ्यांनी शिकवलंय. गाडीच्या यादीला मी तीच पद्धत लावली, दुसरं काही केलं नाही.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर या रविवारी वही घेऊन बाहेर या. घरच्यांना एकच विचारा, "या गाडीत कशाकशाची सवय झालीय तुम्हाला?" आणि लिहीत जा.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!